तीन वाजता मास्क का उतरतो

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात असं : यजमानांचं वय 54, वजन 96 किलो, आंब्याची बाग, हंगामात पिकअप घेऊन स्वतः वाशीला जातात. घोरणं जुनंच. कोल्हापूरला झोपेची तपासणी केली तेव्हा एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, 38 आला, झोपेत रक्तातला ऑक्सिजन 74 टक्क्यांपर्यंत उतरला होता. मार्चमध्ये ऑटो सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन घेतलं, महिना-दोन महिने बरं चाललं. पाऊस लागल्यापासून मात्र रोज अडीच-तीनला मास्क काढून उशाशी ठेवलेला असतो आणि पुन्हा काही लावला जात नाही. सकाळी घसा कोरडा, नाक चोंदलेलं. लाइट जाते ती वेगळीच. रात्री जेवून नऊला आडवे होतात, दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा मास्क नसतो. दीर म्हणतात, मशीनची सवय लागली की जन्माची अडकवणूक, त्यापेक्षा कुशीवर झोप आणि शंख वाजव. एवढे पैसे घालून झोप का सुधारत नाही आणि मशीन सुटणार कधी, असं ताईंना विचारायचं आहे.

ताई, मशीन बिघडलेलं दिसत नाही आणि यजमान हट्टी आहेत असंही मला वाटत नाही. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी अडलो : नऊला आडवे होतात आणि दुपारी दोन तास झोपतात. आता हिशेब करा. नऊला झोपलेल्या माणसाचे तीनला सहा तास होतात. या वयात चोवीस तासांत सात, फार तर आठ तास झोप लागते आणि त्यातले दोन दुपारीच उरकलेले. म्हणजे तीनच्या सुमाराला झोपेची गरजच जवळजवळ संपलेली असते. मशीन नव्हतं तेव्हा रात्रभराची झोप तुकड्यातुकड्यांत फुकट जायची, म्हणून कितीही झोपलं तरी पुरायचं नाही, दुपारही लागायची. आता झोप थोडी खरी व्हायला लागली आहे, पण वेळापत्रक जुन्याच आजाराचं आहे. झोप पातळ झाली की मघापर्यंत न जाणवलेली नळी, पट्टा, वारा सगळं टोचायला लागतं आणि हात आपसूक वर जातो. कित्येकांना सकाळी आठवतही नाही की मास्क आपणच काढला.

माझ्याकडे चिपळूण-गुहागरकडून येणाऱ्या पेशंटमध्येही हे नेहमी दिसतं. गावात दिवस लवकर मिटतो. साडेआठला जेवण, पावसात लाइट गेलेली, करायला काही नाही, मग पडायचं. मास्क तीनला काढला म्हणजे तो सोसवत नाही असं घरचे धरून चालतात आणि कुणी नवा मास्क आणतं, कुणी मशीनच बदलतं.

तीनला काढलेला मास्क सहा तास तरी लागला, मग एवढं काय बिघडलं, असं तुमच्या मनात येईल. बिघडतं ते असं. स्वप्नांची झोप, जिला आम्ही आरईएम म्हणतो, ती रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सगळ्यात जास्त असते. त्या झोपेत अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल सोडलेले असतात, त्यात घशाचेही आले. त्यामुळे बहुतेकांचे श्वास त्याच वेळी सगळ्यात लांब अडतात आणि ऑक्सिजनही तेव्हाच खोल उतरतो. तो 74 चा आकडा तपासणीच्या रिपोर्टमध्ये किती वाजता आला आहे ते बघा. पहाटे तीन ते पाचच्या मधला असला तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे सौम्य वेळेला मास्क आणि कठीण वेळेला नुसता चेहरा. सकाळी डोकं जड, बीपी चढलेलं, दिवसभर पेंग, आणि वर मशीनचा उपयोग नाही हा शेरा.

म्हणून पहिला बदल मशीनमध्ये करायचा नाही. रात्री साडेदहाच्या आत गादीवर पाठ टेकायची नाही आणि सकाळी साडेपाचला उठायचं, झोप कशीही झाली तरी. उठायची वेळ पाळली की झोपायची वेळ आपोआप सरळ होते. सुरुवातीचे काही दिवस संध्याकाळी डोळे मिटायला लागतील. तेव्हा आरामखुर्चीत बसू देऊ नका, पडवीत फेऱ्या मारायला लावा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. भात-माशांचं जेवण झाल्यावर आपल्याकडे तिच्याविरुद्ध बोलणं म्हणजे पाप आहे, मला ठाऊक आहे. पण झोपायचंच असेल तर मास्क लावून झोपायचं. दुपारी घसा मिटत नाही असं नाही. जेवल्याबरोबर उताणं पडलं की उलट जास्तच मिटतो. आणि दुपारी दोन तास झोपेची खरी गरज पडत असेल, तर रात्रीचा उपचार पुरा पडत नाही असं समजून मला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळवा.

हे सगळं करूनही काही जणांना तीनला जाग येते आणि मन बागेतल्या फवारणीपासून मुलीच्या लग्नापर्यंत फिरत राहतं. हा निद्रानाश वेगळा. तो आणि अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा हा आजार) पुष्कळ वेळा एकाच माणसात असतात आणि एकावर इलाज केला म्हणून दुसरा जात नाही. जागं होऊन वीस-पंचवीस मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठून बाहेर बसायचं, झोप आली की परत यायचं आणि आल्यावर मास्क पुन्हा लावायचा. घड्याळ उशाशी नको, मोबाइल तर नकोच. याच्यासाठी झोपेची गोळी मागू नका, कारण पुढे सांगतो.

आता आजार नेमका काय ते दोन वाक्यांत, कारण दिरांना समजावताना लागेल. घसा ही मऊ नळी आहे, बागेला पाणी घालायच्या जुन्या, नरम पडलेल्या पाइपसारखी. आतून ओढलं की भिंती एकमेकींना चिकटतात. जागेपणी स्नायू तिला उघडी धरून ठेवतात, झोपेत धरत नाहीत. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला, किंवा बराच उथळ झाला, की एक घटना मोजतात. तासाला 5 ते 15 घटना म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. 38 म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. मशीन फक्त साधी हवा थोड्या दाबाने आत सोडतं, त्याने भिंती मिटत नाहीत. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. आपल्याकडे याला अजून ‘ऑक्सिजनचं मशीन’ म्हणतात आणि शेजारी बघायला येतात, जणू माणूस शेवटच्या घटका मोजतोय. कोविडच्या दिवसांत मास्क लावलेले जे पेशंट बघितले त्याची भीती लोकांच्या डोक्यात बसली आहे. या मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो, हे घरात एकदा सगळ्यांना सांगून टाका. यजमानांचा संकोच अर्धा तिथेच कमी होईल.

पावसाळ्यातच बिघाड का झाला? माझा पहिला संशय नाकावर. जून ते सप्टेंबर आपल्या घरांत कपाटामागे, गाद्यांच्या खाली, ओल आलेल्या भिंतीवर बुरशी धरते आणि तिच्या ॲलर्जीने नाक आतून सुजतं. बंद नाकातून हवा जात नाही, मग तोंड उघडतं, दाबाची हवा तोंडावाटे निसटते आणि जाताना घसा सुकवून जाते. बाहेर नव्वद टक्के दमटपणा आणि घशाला मात्र कोरड, हे कोडं तिथे सुटतं. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाइनच्या फवाऱ्याने नाक धुवा. डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे सुरू करा. तो रोज मारायचा असतो आणि त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून टाकून देऊ नका. नाक चटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या वर नकोत, नंतर तेच नाक बंद करतात. नाकाचं हाड बरंच वाकडं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या ऑपरेशनने अ‍ॅप्निया सहसा बरा होत नाही, पण मास्क सुसह्य होतो. सर्दीची जी गोळी घेतल्यावर गुंगी येते ती या माणसाला रात्री देऊ नका.

मग पाण्याचा डबा. मशीनला जोडलेला ह्युमिडिफायर हवा कोमट आणि ओलसर करतो. कोकणात पावसाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत, तो बऱ्याचदा अगदी कमी आकड्यावर चालतो, काहींना लागतही नाही. एसी लावत असाल तर उलटी तऱ्हा. खोली गार, नळीतली हवा गरम, मग पाणी नळीतच सुटतं आणि मध्यरात्री नाकात गार थेंब पडतो किंवा नळी गुडगुडते. तीनला मास्क उतरण्याचं हेही एक नेहमीचं कारण. उपाय सोपा : डब्याचा आकडा खाली आणा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी मशीनकडे जाईल, नाकाकडे नाही. डब्यात डिस्टिल्ड वॉटर, आणि ते मेडिकलमधून. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी जो कॅन मिळतो तो श्वासासाठी नाही. संपलं तर एखाद्या रात्री उकळून गार केलेलं पाणी चालतं. विहिरीचं पाणी तसंच ओतू नका. सकाळी डबा रिकामा करून उपडा ठेवायचा, कालचं पाणी आज नको.

मास्क कसा बसवायचा ते जरा नीट सांगतो, कारण दुकानात तो बसलेल्या माणसाला लावून दाखवतात आणि झोपल्यावर चेहऱ्याचं मांस मागे आणि बाजूला सरकतं. मी पेशंटला तपासणीच्या टेबलावर झोपवतो, स्वतःची उशी आणायला सांगतो. पट्टे आधी पूर्ण सैल. मशीन चालू. हवा सुरू झाली की मास्कचं रबरी कुशन चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढायचं आणि हलकेच परत टेकवायचं. ते हवेने फुगतं आणि स्वतःची जागा घेतं. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकदम, थोडे थोडे ओढायचे, आधी खालचे आणि मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आता त्याला डाव्या कुशीवर वळवायचं, मग उजव्या, मग उताणं, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांकडे वारा येतो का विचारायचं. वारा येतो म्हटलं की घरचे पट्टा आवळतात. आवळला की कुशन चेपतं, दुसरीकडून गळतं, नाकाच्या हाडावर लाल वण पडतो आणि चौथ्या दिवशी मास्क खुंटीला. गळती दिसली तर आधी सैल करा, पुन्हा बसवा. तरीही गळत असेल तर माप चुकलंय. दाढी असेल तर कडेने हवा जाणारच. कवळी काढून झोपत असतील तर माप कवळी काढूनच घ्यायला हवं, हे कुणी सांगत नाही. आणि तोंड उघडतं म्हणून लगेच नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेऊ नका. आधी नाक मोकळं करा, मग तोंड किती उघडतं ते बघा.

यजमान रात्री लघवीला उठत असतील. उपचार न झालेल्या अ‍ॅप्नियात रात्रीची लघवी वाढते, ती फक्त साखरेची किंवा प्रोस्टेटची असते असं नाही. उठताना मशीन बंद करून जायचं आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं, म्हणजे दाब पुन्हा खालून चढेल. चालू ठेवून मास्क काढून गेलात तर परतल्यावर तोंडावर एकदम जोराचा झोत येतो, आणि कोण लावेल मग. पोट फुगतं, ढेकर येतात असं म्हणत असतील तर हवा गिळली जातेय. दाबाची वरची मर्यादा किंवा श्वास सोडतानाची सवलत बदलून ते कमी होतं, पण ते आकडे घरी फिरवायचे नाहीत.

आता लाइट. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि मे 2021 चं तौक्ते तुम्ही देवगडात पाहिलंच आहे. तेवढं नाही, तरी पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की वायरमन येईपर्यंत रात्र जाते. समजून घ्या की मशीनमधला पंखा फार थोडी वीज खातो. जास्त वीज डबा तापवायला आणि गरम नळीला लागते. या दोन्ही गोष्टी बंद केल्या तर बहुतेक नवी मशीनं 10 ते 20 वॉटमध्ये भागवतात. इन्व्हर्टरची 150 एएच, 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास धरते. त्यातली निम्मीच हाताशी धरली तरी मशीन आणि छताचा एक पंखा आठ तास चालतो. बॅटरी पाच-सहा वर्षांची, पाणी न घातलेली असेल तर हा हिशेब विसरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर मशीनचा ॲडॅप्टर तापतो, गुणगुणतो. अवकाळीत आणि परतीच्या पावसात विजा फार कडाडतात, म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि स्पाइक गार्ड लावा.

झोपेत लाइट जाऊन मशीन बंद पडलं तर गुदमरून जाईन ही भीती यजमानांनी बोलून दाखवली नसेल, पण असते. मास्कला हवा बाहेर जायची छिद्रं असतात, मोठ्या मास्कला तर मशीन थांबल्यावर बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. कोंदट वाटून जाग येते, एवढंच. दिवसा, जागेपणी, त्यांच्यासमोर एकदा मशीन मास्क लावलेला असताना बंद करून दाखवा. मी हे मुद्दाम करतो.

लाइट नाही, इन्व्हर्टरही संपला, अशा रात्री काय? पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर चढवा किंवा पाठीमागे उतरती टेकण द्या, कुशीवर झोपवा. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात मुलांचा टेनिसचा चेंडू टाकला तर माणूस उताणा होत नाही. जुनी युक्ती, पण चालते. हा उपचाराला पर्याय नाही, रात्र काढायची सोय.

स्वच्छतेचं थोडक्यात. कुशन रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा, चेहऱ्याचं तेल राहिलं की ते घसरतं आणि गळतं. आठवड्यातून एकदा नळी, मास्क, डबा साध्या सौम्य साबणाने धुवा. उन्हात वाळत घालू नका, रबर कडक होतं. पावसात मात्र नळी दोन दिवस वाळत नाही. ती उभी टांगून पाणी निथळू द्या, मग डबा काढून मशीनला जोडा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसती हवा सोडा. ओझोनने साफ करणारी यंत्रं घेऊ नका. मुंबईच्या कुणा नातेवाइकाकडून वापरलेलं मशीन येणार असेल तर मॉडेल आणि नंबर तपासा : फिलिप्सने जून 2021 मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे काही मॉडेलं परत मागवली होती, ती अजून कुठेकुठे फिरतात. एक गोष्ट खास आपल्याकडची. मच्छर अगरबत्ती मशीनशेजारी लावू नका. मशीन खोलीतली हवा ओढून नाकात सोडतं, म्हणजे तो धूर थेट आत. मच्छरदाणी लावा, मशीन दाणीबाहेर, नळी आत. फिल्टर काळवंडला की बदलायचा, महिना झाला की नाही ते बघत बसायचं नाही. आणि पावसात मुंग्या डब्याच्या रबरी कडेला बसतात, म्हणून लावण्याआधी एकदा बॅटरी मारून बघा.

दिरांचं म्हणणं आता. सवय लागेल ही भीती चष्म्याची सवय लागेल म्हणण्याइतकीच खरी आहे. मशीन काढलं की एक-दोन रात्रींत घोरणं आणि श्वास अडणं परत येतं, ते मशीनमुळे वाढलेलं नसतं, जिथे होतं तिथेच येतं. शंखाचं हसण्यावारी नेऊ नका. 2025 मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी 30 रुग्णांवर केलेला प्रयोग छापून आला, त्यात सहा महिने रोज शंख फुंकणाऱ्यांचे श्वास अडणं तासाला चार-पाचने कमी झालं. 38 मधून पाच वजा करा. 33 राहिले, म्हणजे तीव्रच. शंख वाजवा, मास्कही लावा. कुशीवर झोपण्याचा गुण ज्यांचा आजार उताणं झोपण्यापुरताच वाढतो त्यांना जास्त येतो. यजमानांच्या रिपोर्टमध्ये उताण्याचा आणि कुशीचा एएचआय वेगवेगळा दिलेला असेल तर तो बघा. कुशीवर पाचच्या आत येत नसेल तर त्यावर विसंबू नका. दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी मिळते, ती सौम्य आणि मध्यम आजारात चांगली. मशीन कुठल्याही प्रयत्नाने सोसलंच नाही तर तीव्र आजारातही देतो, पण दुसऱ्या क्रमांकावर.

सुटणार कधी, याचं सरळ उत्तर वजनात आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या लोकांवर वर्षानुवर्षं पाहणी झाली, त्यात वजन 10 टक्क्यांनी उतरलं की एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरलेला दिसला. तुमच्याकडे ते साडेनऊ किलो आणि 38 चे 28. म्हणजे फायदा मोठा, पण मशीन तेवढ्यावर सुटत नाही. जास्त उतरलं तर पुन्हा तपासणी करून ठरवू. वजनाची नवी इंजेक्शनं आहेत. त्यातलं टिर्झेपेटाइड अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठपणाबरोबरच्या मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्नियासाठीही मंजूर झालं आणि 2025 पासून आपल्या देशातही मिळतं. महाग आहे, पोटाचे त्रास होतात, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं. सोबत थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी विचारतो. रात्रीचे दोन पेग किंवा फेणी घशाचे स्नायू आणखी ढिले करते, श्वास जास्त लांब अडतात. झोपायच्या आधी चार तास नको. झोपेच्या गोळ्यांचं बऱ्याच प्रमाणात तेच, कुणी शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलामची पट्टी घरात असेल तर टाकून द्या.

सगळ्यात जास्त काळजी मला त्या पिकअपची आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर आंबा काढायचा, भरायचा, संध्याकाळी पेट्या लादून रात्रभर मुंबई-गोवा महामार्ग, पहाटे वाशी. ज्या माणसाची रात्रीची झोप महिनोन्‌महिने तुटलेली आहे त्याला स्टिअरिंगवर सेकंद-दोन सेकंदांची डुलकी लागते आणि ती त्याला कळत नाही. ताशी साठच्या वेगात दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते. मशीन रात्रभर लागायला लागून दिवसाची पेंग जाईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्याला चालवू द्या, भाडं परवडेल. नंतरही नियम हा, की आदल्या रात्री मास्क लागला नसेल तर त्या दिवशी लांब गाडी नाही. दिवसा झोपून रात्री निघायचं असेल तर ती दिवसाची झोप मास्कमध्येच. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही. पेंग आली की गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपणं, एवढंच उपयोगी.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं की आणखी एक होतं. ओटीवर दहा जण झोपलेले, त्यांच्यासमोर मास्क कसा लावायचा म्हणून मशीन कपाटात जातं आणि पाच-सात रात्री तशाच जातात. वर भजनं, जागरणं. यजमानांची झोपायची जागा त्या दिवसांतही आतल्या खोलीत आणि प्लगजवळ ठेवा. कुणी विचारलंच तर मघाचं ऑक्सिजनचं वाक्य सांगा.

दोन आठवडे हे वेळापत्रक आणि नाकाचा स्प्रे पाळा, मगच मशीनचे आकडे बघू. त्यात मला तीनच गोष्टी हव्यात : रोज किती तास लागलं, गळती किती, आणि मशीन लावूनही तासाला किती श्वास अडतात. शेवटचा आकडा पाचच्या आत हवा. चार तास लागलं की पुरे असं विक्रेते सांगतात, तो विम्याच्या कागदांचा हिशेब आहे, यजमानांना पूर्ण रात्र हवी. सकाळी डोकं दुखतच राहिलं, पायांवर सूज आली किंवा दिवसा जागेपणीही ऑक्सिजन 94 च्या खाली दिसला तर दोन आठवडे थांबू नका. तशा वेळी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो का ते तपासावं लागतं आणि मशीन वेगळ्या प्रकारचं लागू शकतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर घरी बीपी लिहून ठेवा. उपचार नीट लागला की कधी कधी ते उतरतं आणि मात्रा कमी करावी लागते. पुढे कधी कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाचं आधी सांगायचं आणि मशीन दवाखान्यात न्यायचं.

दाखवायला याल तेव्हा नुसती फाइल आणू नका. मास्क, नळी, मशीनमधलं छोटं कार्ड आणि त्यांची रोजची उशी, एवढं पिशवीत घाला.